'खरी' मुंबई, १०८१ गुणिले १०८१ पिक्सेल

'सिटीज: स्कायलाइन्स' या शहर उभारण्याच्या गेमसाठी लोकांनी बनवलेले नकाशे चाळायला बसलात, तर एक शब्द सारखा भेटतो: 'रिअल'. खरा भूभाग, खरी उंची, एकास एक प्रमाण. काल्पनिक बेट कुणीही काढेल, पण इस्तंबूल किंवा मुंबई 'उपग्रहाच्या डेटावरून' म्हटलं की नकाशाला वेगळाच भाव येतो. मला या 'खऱ्या'बद्दल बोलायचंय. गेम न खेळणाऱ्यांनीही वाचा, कारण यात जे होतं तेच आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांमध्ये होतं. फरक एवढाच की गेममध्ये त्याला पदवी मिळत नाही.

आधी थोडक्यात कृती. हा गेम फिनलंडच्या कोलोसल ऑर्डर या कंपनीने २०१५ मध्ये काढला. त्याला नकाशासाठी एक करडं चित्र लागतं, त्याला म्हणतात हाइटमॅप. प्रत्येक पिक्सेल जेवढा पांढरा, तेवढी तिथली जमीन उंच. चित्र १०८१ गुणिले १०८१ पिक्सेलचं, एक चौकट १६ मीटरची, म्हणजे एकूण बाजू १७.२८ किलोमीटर. उंची ० ते १०२४ मीटरमध्ये बसवायची. समुद्राची पातळी गेम स्वतःहून ४० मीटरवर धरतो. तुम्ही ब्राउझरमध्ये चालणाऱ्या एखाद्या साधनात जगाच्या नकाशावर चौकोन सरकवता, बटण दाबता, चित्र उतरवता, गेममध्ये टाकता. पाच मिनिटांचं काम. मला खटकतं ते हेच पाच मिनिटांचं असणं. त्या वेळात किमान सहा-सात निर्णय होऊन जातात आणि त्यातला एकही आपण घेतलाय असं आपल्याला वाटत नाही.

मुंबईचंच घेऊ. पहिला निर्णय चौकोन ठेवतानाच होतो. कुलाब्यापासून दहिसरपर्यंत साधारण ४० किलोमीटर. गेममध्ये बसतात सव्वासतरा. खालचं टोक कुलाब्याला धरलं तर वरची कड जेमतेम वांद्र्यापर्यंत जाते. म्हणजे फोर्ट मिळतं, पण विहार तलाव आणि बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान दोन्ही बाहेर. मग बरेच जण मुंबईचा बराचसा भाग निम्म्या प्रमाणात दाबून बसवतात. आडवं अंतर निम्मं झालं आणि उंची तशीच ठेवली की प्रत्येक चढ दुप्पट तीव्र होतो. गेमसाठी हे बरंच असतं, कारण सपाट नकाशा कंटाळवाणा दिसतो. पण मग 'एकास एक' हे कशाचं?

आता डेटाकडे येऊ. अशा नकाशांमागे फार वेळा एसआरटीएम असतो. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' हे अंतराळयान ११ दिवस पृथ्वीभोवती फिरलं. त्यावर एक रडार होतं आणि ६० मीटर लांब दांड्याच्या टोकाला दुसरा अँटेना. दोन अँटेनांना परत मिळालेल्या लहरींमधल्या फरकावरून जमिनीची उंची काढली गेली. ६० अंश उत्तर ते ५६ अंश दक्षिण, म्हणजे जगातली ८० टक्के जमीन. अकरा दिवसांत! मला आजही हे काम अफाट वाटतं, आणि पुढची टीका त्या मोहिमेवर नाही हे आधीच सांगून ठेवते.

या डेटाचा एक पिक्सेल एका कंस-सेकंदाचा. मुंबईच्या अक्षांशावर तो उत्तर-दक्षिण जवळपास ३१ आणि पूर्व-पश्चिम २९ मीटर भरतो. गेमचा पिक्सेल १६ मीटरचा. क्षेत्रफळाचा भागाकार केलात तर उत्तर साडेतीन येतं: गेममधल्या साडेतीन पिक्सेलमागे मोजमाप एक, बाकीचं इंटरपोलेशन. २०२३ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात तर गंमतच आहे. तिथे ४०९६ गुणिले ४०९६ चं चित्र १४.३३६ किलोमीटरवर पसरतं, म्हणजे पिक्सेल साडेतीन मीटरचा. एका मोजमापामागे ७० च्या वर पिक्सेल! नकाशा जास्त तपशीलवार दिसतो आणि त्यात माहिती मात्र तेवढीच असते. 'रिझोल्यूशन वाढवलं' असं वाक्य कुठल्याही पेपरमध्ये दिसलं की हा भागाकार करून बघायची सवय लावून घ्या.

हीच गोष्ट उभ्या दिशेने. गेमचं चित्र १६ बिटचं, म्हणजे ६५,५३६ छटा. १०२४ मीटर भागिले ६५,५३६ केलं तर एक पायरी दीड सेंटिमीटरची. एसआरटीएमची उंची पूर्ण मीटरमध्ये नोंदवलेली असते, ७ किंवा ८, मध्ये काही नाही. आणि मोहिमेचं उद्दिष्ट काय होतं? ९० टक्के ठिकाणी चूक १६ मीटरच्या आत राहावी. प्रत्यक्ष काम त्याहून खूप चांगलं निघालं, युरेशियासाठी हा आकडा सुमारे ६ मीटर आला. तरी बघा, ६ मीटरच्या अनिश्चिततेची वस्तू आपण दीड सेंटिमीटरच्या खणांच्या कपाटात ठेवतोय. कपाट सुबक आहे म्हणून वस्तू नेमकी होत नाही. अचूकता आणि सूक्ष्मता यांतला फरक पदवीला असताना आपण सगळ्यांनी पाठ केलेला असतो. तो डोळ्यांनी बघायचा असेल तर हेच चित्र चुकून ८ बिटमध्ये साठवून गेममध्ये उघडा. २५६ छटा, चार-चार मीटरच्या पायऱ्या, सगळ्या डोंगराला भातखाचरं. नवशिक्यांच्या नकाशात ही खाचरं हमखास दिसतात आणि लगेच कुणीतरी सांगतं, '१६ बिट वापर'. मग पायऱ्या जातात. ६ मीटर राहतात, पण ते दिसत नाहीत म्हणून त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता मुख्य मुद्दा. रडारला दिसलं काय? एसआरटीएमच्या लहरींची लांबी ५.६ सेंटिमीटर. इतकी आखूड लहर दाट झाडीतून जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, पानाफांद्यांत कुठेतरी परतते. इमारतींचंही तेच. म्हणून या डेटात जे येतं ते जमिनीवर जे काही उभं आहे त्यासकटचं पृष्ठ असतं. संशोधनात याला 'सरफेस मॉडेल' म्हणतात आणि उघड्या जमिनीच्या मॉडेलपासून वेगळं धरतात. गेमच्या नकाशात मात्र सगळंच 'टेरेन'. परिणाम असा की नरिमन पॉइंट, जो भराव टाकून तयार केलेला अगदी सपाट भाग आहे, तो गेममध्ये उंचसखल दिसतो, कारण तिथले मनोरे २००० सालीही उभे होतेच. खेळाडू त्या उंचवट्यांवर नवे मनोरे बांधतो. इमारतीच्या डोक्यावर इमारत. ते विचित्र दिसायला लागलं की ब्रश घेऊन सगळं गुळगुळीत करतो आणि त्या झटक्यात शेजारची खरी मलबार हिलसुद्धा थोडी झिजवतो.

इमारतींचं एक वेळ हसून सोडून देता येईल. खारफुटीचं नाही. माहीमची खाडी, ठाण्याची खाडी, जिथे खारफुटी आहे ती जमीन भरतीच्या पाण्यात जाणारी असते, तेच तिचं लक्षण. रडारला मात्र झाडांचा शेंडा किंवा त्याच्या जरा खालचा भाग दिसतो. मग गेममध्ये काय होतं? किनाऱ्याच्या कडेने काही मीटर उंचीचा एक पट्टा तयार होतो, समुद्र आणि शहर यांच्या मध्ये बांध घातल्यासारखा. समुद्राची पातळी वाढवत नेलीत तर पाणी आधी त्या बांधाशी थांबतं. शहरातली सगळ्यात आधी बुडणारी जमीन नकाशात शहराची तटबंदी होऊन बसते.

आणि पातळी वाढवून बघतात लोक! गेमच्या नकाशा-संपादकात समुद्राची पातळी हा एक साधा सरकपट्टा आहे. तो ओढायचा, चित्र काढायचं, 'दोन मीटरनंतरची मुंबई' म्हणून टाकायचं. डेटा 'खरा' असल्यामुळे चित्रही खरं वाटतं. तुम्ही म्हणाल, गेमच तर आहे. बरोबर. पण हेच चित्र क्यूजीआयएस उघडून, तोच डेटा घेऊन, निळा रंग भरून प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात येतं. परिषदांमध्ये मी अशी पोस्टर्स बघितली आहेत: पूर्ण मीटरमध्ये नोंदवलेल्या, काही मीटर चूक असलेल्या डेटावर 'अर्धा मीटर वाढ', 'एक मीटर वाढ' अशा निळ्या छटा. पोस्टरसमोर उभं राहून 'उभी अनिश्चितता किती धरली?' असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, 'डेटा नासाचा आहे.' हे उत्तर नव्हे.

हा फरक किती मोठा असू शकतो याची दोन उदाहरणं २०१९ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्येच आली. स्कॉट कल्प आणि बेंजामिन स्ट्रॉस यांनी किनारपट्टीवरच्या एसआरटीएममधली चूक न्यूरल नेटवर्क वापरून कमी केली आणि समुद्रपातळी वाढण्याच्या धोक्यात असलेल्या लोकांची संख्या पुन्हा काढली. ती जुन्या अंदाजाच्या तिप्पट आली. समुद्र तोच, हवामानाचं भाकीत तेच, फक्त जमीन किती उंच आहे याचं उत्तर बदललं. दुसरं उदाहरण व्हिएतनामच्या मेकाँग त्रिभुज प्रदेशाचं. मिंडरहाउड आणि सहकाऱ्यांनी जमिनीवरची मोजमापं घेऊन दाखवलं की तो प्रदेश सरासरीने समुद्रसपाटीच्या फक्त ०.८ मीटरवर आहे, उपग्रहाच्या डेटावरून सुमारे २.६ मीटर धरला जात होता. तिथे चूक निव्वळ रडारची नव्हती. शून्य कुठे आहे हा प्रश्नही होता.

शून्याचा प्रश्न मुंबईकरांना तर रोज पडायला हवा. एसआरटीएमचं शून्य म्हणजे ईजीएम९६ नावाचा जिऑइड, ढोबळमानाने सरासरी समुद्रपातळी. आता पावसाळ्यातल्या बातम्या आठवा: 'आज दुपारी ४.७ मीटरची भरती.' हे ४.७ कुठून मोजलेलं? सागरी नकाशांच्या शून्यापासून, म्हणजे चार्ट डेटमपासून, आणि तो ओहोटीच्या अगदी खालच्या पातळीजवळ असतो. मुंबईत सरासरी समुद्रपातळी त्याच्या सुमारे अडीच मीटर वर आहे. म्हणजे त्या दिवशीची भरती सरासरी पातळीच्या वर दोन मीटर आणि थोडी. कुणी बातमीतले ४.७ तसेच उचलून डीईएमवर लावले, तर निम्मं शहर दर महिन्याला बुडालेलं दिसेल. महापालिकेचे पर्जन्यजलाचे जुने आराखडे बघाल तर तिथे तिसरंच शून्य भेटेल, टाउन हॉल डेटम. उंचीचा आकडा हातात आला की आधी त्याचं शून्य विचारा, मग आकडा वापरा. गेम हा प्रश्न ४० मीटरवर सरळ रेघ मारून मिटवतो. निदान लपवत तरी नाही, सरकपट्ट्यावर आकडा लिहिलेला असतो.

पाण्याबद्दल अजून एक. एसआरटीएमची जी आवृत्ती आपण वापरतो तिच्यात समुद्र ० केलेला आहे, ६०० मीटरपेक्षा लांब तलाव सपाट केलेले आहेत आणि १८३ मीटरपेक्षा रुंद नद्याच वेगळ्या हाताळलेल्या आहेत. मिठी यात कुठे बसते? उगमाकडे तर ती एका पिक्सेलपेक्षा अरुंद आहे. म्हणजे विहारपासून माहीमपर्यंत जाणारी, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा सगळ्या देशाला माहीत झालेली नदी हाइटमॅपमध्ये बऱ्याच लांबीवर नाहीच. नकाशा बनवणारा ती हाताने कोरतो.

इथे मला त्याचं कौतुक करायचंय. जलशास्त्रज्ञही नेमकं हेच करतात, त्याला 'स्ट्रीम बर्निंग' म्हणतात: नदीची माहीत असलेली रेषा घेऊन डीईएममध्ये तेवढी खोली खणायची, म्हणजे पाणी योग्य वाटेने जातं. गेमवाल्याला हे करावंच लागतं, कारण गेममधलं पाणी खरोखर वाहतं. उगमाशी झरा ठेवला आणि वाटेत एक खोटा उंचवटा असला तर पाणी तिथे साचतं, पसरतं, वसाहत बुडते. तो शिव्या देत परत येतो आणि दुरुस्त करतो. आपल्या छापील नकाशात चुकीचा उंचवटा शांत बसून राहतो. या अर्थाने गेम आपल्यापेक्षा कडक परीक्षक आहे. डीईएम म्हणजे काय हे शिकवायचं असेल तर मी वर्गात स्लाइड दाखवण्याआधी हाइटमॅप बनवायला देईन.

पण तो परीक्षकही एका मर्यादेपर्यंतच. हिंदमाता घ्या. परळ-दादरच्या मधला तो बशीसारखा सखल भाग, दर पावसाळ्यात बातमीत असतो, तिथल्या पाण्यासाठी जमिनीखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या. ती बशी इतकी उथळ आणि आजूबाजूची वस्ती इतकी दाट आहे की ३० मीटरच्या, इमारतींसकटच्या, पूर्ण मीटरमधल्या डेटाकडून ती दिसण्याची अपेक्षाच करू नये. मुंबईतला पूर हा असल्या उथळ उतारांचा, नाल्यांचा, पंपांचा आणि भरतीच्या वेळेचा प्रश्न आहे. यातलं काहीच हाइटमॅपमध्ये नाही. म्हणून 'खऱ्या' मुंबईत तुम्ही पूर आणलात तर तो वेगळ्याच ठिकाणी येतो.

डेटाला तारीख असते हेही विसरलं जातं. नवी मुंबई विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट केली, नदीचं पात्र वळवलं. एसआरटीएममध्ये ती टेकडी अजून उभी आहे, कारण तिथे कायमचा फेब्रुवारी २००० आहे. मला हा दोष वाटत नाही, उलट तो डेटा आता त्या टेकडीचा पुरावा झालाय. पण नकाशाच्या वर्णनात 'आजची नवी मुंबई' असं लिहिलं की दोष होतो.

मग माझी तक्रार नेमकी कुणाशी? खेळाडूंशी नाही. टेकडी दुप्पट उंच करा, नदी रुंद करा, समुद्राचा तळ मनाने खणा, कारण डेटात तो नाहीच. खेळ चांगला व्हायला हे लागतंच. चांगले नकाशे बनवणारे ते वर्णनात लिहूनही टाकतात: उंची दीडपट केली, खाडी हाताने कोरली. तक्रार आहे ती साधनांशी. एके काळी लोकप्रिय असलेलं टेरेन डॉट पार्टी हे संकेतस्थळ एकाच चौकोनासाठी वेगवेगळ्या स्रोतांची वेगवेगळी चित्रं हातात द्यायचं. ॲस्टरचं वेगळं, एसआरटीएमचं वेगळं. ती शेजारी शेजारी ठेवली की एकाच जमिनीची दोन रूपं दिसायची आणि आपोआप प्रश्न पडायचा, यातलं बरोबर कोणतं? आताची साधनं जास्त सोयीची आहेत. एकच गुळगुळीत चित्र देतात, आणि तो प्रश्न पडायची सोय गेली. संशोधनाच्या सॉफ्टवेअरमध्येही वारा याच दिशेने वाहतोय, एका ओळीच्या कोडमध्ये डीईएम हजर. ती ओळ तुमच्या प्रबंधात असेल तर तिच्यावर निदान एक परिच्छेद लिहिण्याची तयारी ठेवा: कोणता स्रोत, कोणत्या वर्षीचा, जमीन की पृष्ठ, शून्य कोणतं, चूक किती.

ज्यांना हात घालून बघायचंय त्यांच्यासाठी एक काम. कोपर्निकसचा ३० मीटरचा डीईएम मोफत मिळतो. तो २०११ ते २०१५ दरम्यानच्या जर्मन रडार उपग्रहांच्या मोजमापांवर आधारलेला आहे, आणि पृष्ठाचाच आहे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातून झाडं आणि इमारती मशीन लर्निंगने वजा करून २०२२ मध्ये फॅबडेम काढला, बिगर-व्यावसायिक वापरासाठी तोही खुला आहे. दोन्ही मुंबईसाठी उतरवा आणि क्यूजीआयएसमध्ये पहिल्यातून दुसरा वजा करा. जे उरेल ते चित्र नीट बघा: राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, दक्षिण मुंबईतले मनोरे, खाड्यांच्या कडेची खारफुटी. मग तेच दोन डीईएम गेममध्ये टाका, समुद्र एकेक मीटर वर न्या आणि माहीमच्या खाडीत पाणी कुठपर्यंत शिरतं ते दोन्हीकडे टिपून ठेवा. फॅबडेमही मॉडेलच आहे, त्याच्याही चुका आहेत, तेव्हा दुसऱ्या चित्राला लगेच 'खरं' म्हणू नका. दोन्हीतल्या फरकाचा आकडा मला कमेंटमध्ये कळवलात तर आवडेल. आणि हो, सोबत शून्य कोणतं धरलं तेही लिहा.